वैनगंगेवर एक दिवस: कॅनू, गळ आणि परतीची वेळ

नागपूरहून एका दिवसात कॅनू आणि मासेमारी दोन्ही जमवायचं असेल, तर आखणी शेवटाकडून करावी लागते. पाण्याबाहेर किती वाजता पडायचं ते आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत घरून निघायची वेळ काढा. नवखे लोक सकाळी निवांत निघतात, उन्हं चढल्यावर नाव पाण्यात टाकतात आणि मासा लागायला लागला की घड्याळ विसरतात. मग चार वाजता समोरून वारा, अंगात त्राण नाही आणि काठ दोन किलोमीटर लांब. पुढचा सगळा मजकूर हा प्रसंग टाळण्यासाठी आहे.

१. पाणी कुठलं निवडायचं

कन्हान नदी सगळ्यात जवळची, म्हणून पहिलं लक्ष तिच्याकडे जातं. पण पावसाळा सरला की तिच्या बऱ्याच पट्ट्यात घोटाभर पाणी आणि रेतीचे पट्टे उरतात. नाव वल्हवण्यापेक्षा ओढावीच जास्त लागते. त्याहून वाईट म्हणजे रेतीघाटांवरच्या उपशामुळे पात्रात पडलेले खड्डे. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल थेट डोक्याइतक्या खोलीत जातं. पोहता येणारी माणसंही अशा खड्ड्यांत बुडतात, कारण रेतीची कड पायाखालून सरकत राहते आणि वर चढायला आधार मिळत नाही.

पेंचवर तोतलाडोहचा विचार डोक्यातून काढून टाका. तो जलाशय व्याघ्र प्रकल्पात आहे आणि तिथे गळ टाकणं गुन्हा आहे. खालचं नवेगाव खैरी धरण नागपूरला पिण्याचं पाणी पुरवतं, तिथेही स्वतःची नाव घेऊन उतरायला जाऊ नका.

राहतं ते अंभोरा. कुही तालुक्यात, वैनगंगेच्या काठी, पाच नद्यांचा संगम म्हणून ओळखलं जाणारं ठिकाण. गोसीखुर्द धरणाचं फुगलेलं पाणी इथवर येतं, त्यामुळे हिवाळ्यातही पात्र भरलेलं असतं आणि प्रवाह जवळपास जाणवत नाही. पहिल्यांदा वल्हं हातात धरणाऱ्याला हेच हवं. दिघोरीवरून उमरेड रोड धरा, कुही फाट्याला वळा, मग कुही आणि वेलतूरमार्गे अंभोरा. अंतर साधारण ७० किलोमीटर, पहाटे दोन तास धरून चला.

अंभोऱ्यालाही कुठे जायचं याचा विचार करावा लागतो. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान इथे वैनगंगेत येते. म्हणून कन्हानच्या फाट्यात शिरू नका. वैनगंगेच्या मुख्य पात्रात वरच्या बाजूला, म्हणजे भंडाऱ्याच्या दिशेने जा. साठलेलं पाणी संगमाजवळ थोडंफार मिसळतंच, त्यामुळे खायचा मासा संगमापासून जितका वर धराल तितका बरा. कन्हानच्या फाट्यातला मासा घरी आणू नये, मग तो कितीही मोठा असो.

खालच्या बाजूला, पवनीकडे, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जलाशयाच्या शेजारी आहे. तिकडच्या काठावर जेवायला म्हणूनसुद्धा उतरू नका.

२. महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नाव घरात. एक तर तो माशांच्या विणीचा काळ. दुसरं म्हणजे वैनगंगेचं पाणी मध्य प्रदेशातून येतं. ऑगस्ट २०२० अखेरचा पूर आठवत असेल: वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि कन्हान-वैनगंगेकाठची गावं पाण्याखाली गेली. आपल्याकडे आकाश निरभ्र असलं म्हणजे नदी शांत असेल, असं नाही. ऑक्टोबरमध्ये जायचंच असेल तर आधी वरच्या धरणांच्या विसर्गाच्या बातम्या बघा.

मार्चनंतर ऊन. पाण्यावर सावली नसते आणि ऊन खालूनही वर येतं. एप्रिल-मेमध्ये त्यात दुपारच्या वादळाची भर पडते. त्या दिवसांत गेलात तर दहाच्या आत बाहेर, आणि फोनवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप चालू. सपाट पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुमचं डोकं असतं आणि हातात गळाची कार्बनची काठी असते, एवढं लक्षात घ्या.

महाशिवरात्र आणि संक्रांतीच्या आसपास अंभोऱ्याला भाविकांची गर्दी असते. ते दिवस सोडून द्या.

३. परवानगी आणि कागद

बहुतेक नवखे इथेच चुकतात. नदी सगळ्यांची असली तरी मासा सगळ्यांचा नसतो. जलाशयातल्या मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात, आणि त्या पाण्यात मत्स्यबीज सोडण्याचा खर्चही त्यांनी केलेला असतो. तुम्ही हौसेने धरलेला चार किलोचा कतला हा कुणाच्या तरी हिशेबातला माल आहे.

क्रम असा ठेवा. आठवडाभर आधी नागपूरच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारा की त्या पट्ट्याचा ठेका कुठल्या संस्थेकडे आहे. मग एखाद्या साध्या दिवशी गावात जा, संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटा, तारीख, माणसं आणि गळांची संख्या सांगा आणि कागदावर सही घ्या. पैसे घेतले तर पावती मागा. तोंडी ‘या भाऊ, काही हरकत नाही’ यावर विसंबू नका. त्या दिवशी पाण्यावर भेटणारा डोंगेवाला कुणी दुसराच असतो आणि त्याला काहीच माहीत नसतं.

याच फेरीत दोन कामं उरकून घ्या: नाव कुठून उतरवायची ती जागा बघा आणि ढिवर (मच्छीमार) मंडळींना विचारा की जाळी कुठे लावता, ठोकरं कुठे आहेत. हे पाणी शेतं आणि गावं बुडवून साठलं आहे. वाळलेल्या झाडांचे बुंधे, विहिरींचे कठडे, पडक्या भिंती पाण्याच्या पातळीनुसार कधी हातभर खाली असतात तर कधी वितभर. वरून काही दिसत नाही. ज्याचा डोंगा रोज तिथून जातो, त्यालाच ते ठाऊक.

सोबत ठेवायचे कागद: प्रत्येकाचं ओळखपत्र, संस्थेची परवानगी, गाडीचे कागद. सगळं झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, आणि फोटो घरच्यांच्या फोनवर. वेलतूर पोलीस ठाण्यात जाता जाता सांगून गेलात तर उत्तम. वल्ह्यांच्या नावेला इंजिन लावायची कल्पना सुचली तर सोडून द्या. त्यानंतर नोंदणी आणि तपासणीचे वेगळेच नियम लागू होतात.

४. वेळेचं गणित

डिसेंबरमध्ये नागपूरला पावणेसातच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचला सूर्य बुडतो. उजेडात नाव पुसून, हवा काढून, गाडीत भरायला तासभर लागतो. त्याआधी उशिरासाठी दीड तास राखून ठेवा, म्हणजे काठाला लागण्याची शेवटची मर्यादा तीन वाजता. ही मर्यादा आहे, बेत नाही. बेत सव्वादोनचा ठेवा.

नवखी जोडी थांबत-थांबत ताशी जेमतेम अडीच किलोमीटर जाते. पहिल्या दिवसाला तीन किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं पुरे. जाताना सव्वा तास, परत येतानाही तेवढाच. म्हणजे एक वाजता गळ गुंडाळायचा. पाण्यात सव्वाआठला उतरायचं तर साडेसातला अंभोऱ्याला पोचायला हवं, आणि त्यासाठी नागपूर साडेपाचला सोडायचं. तर्री-पोहे वाटेत मिळतील या आशेवर राहू नका, एवढ्या पहाटे कढई चढलेली नसते.

एक वाजताचा गजर फोनमध्ये लावा आणि तो दोघांच्या फोनमध्ये असू द्या. मासा लागत असताना एकट्याच्या शब्दावर दुसरा ऐकत नाही.

५. नाव

कॅनू म्हणजे वरून उघडी नाव, एका पात्याचं वल्हं. कयाकला दोन पात्यांचं वल्हं असतं आणि पाय बहुधा आत जातात. मासेमारीला कॅनू सोयीची, सामान हाताशी राहतं.

सुरुवातीला दोन माणसांची हवेची पीव्हीसी नाव घ्या किंवा भाड्याने मिळवा. डिक्कीत मावते आणि टपावर कॅरिअर लागत नाही. तिच्याबद्दल काही गोष्टी विकणारा सहसा सांगत नाही:

पंपाने भरलेली हवा थंड पाण्यात नाव टाकल्यावर आकसते. दहा मिनिटांनी काठाशीच पुन्हा दाबून बघा आणि पंप मारा. उलट दुपारी नाव काठावर उन्हात ठेवली की तीच हवा फुगते आणि शिवण सुटते. जेवायला उतरलात तर नाव सावलीत ओढा, नाहीतर प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा. तळाला मागे लावायची पट्टी विसरू नका. ती नसली की नाव सरळ जायचं सोडून गोल फिरते आणि दोघं एकमेकांना दोष देत बसतात.

वजन: नावेवर लिहिलेल्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशापर्यंतच भरा. जड माणूस मागे, सामान मधोमध आणि तळाला. पुढचं टोक किंचित वर असावं. ते खाली गेलं तर नाव ऐकत नाही.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, बसण्याखाली नव्हे तर अंगात. मापाची परीक्षा सोपी आहे: पट्टे आवळून कुणाला तरी खांद्यांवरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. शिट्टी जॅकेटलाच बांधा.

बाकी सामान: एक जादा वल्हं, पाणी उपसायला कापलेला डबा, स्पंज, १५ ते २० मीटर दोरीसकट दोन-तीन किलोचा नांगर, पंक्चरचा संच, सुरी, हेडलॅम्प, प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटं, जलरोधक पिशवी, माणशी तीन लिटर पाणी. संत्र्याचा हंगाम असतो, डझनभर घ्या. ओल्या हातांनी खाता येण्यासारखं त्याहून चांगलं काही नाही. फक्त सालं पाण्यात टाकू नका.

६. गळाचं सामान

एका माणसाला एकच काठी. नावेत चार काठ्या म्हणजे चार गुंते. सात फुटी मध्यम काठी, ३००० मापाचं स्पिनिंग रीळ, त्यावर ०.३० मिलिमीटरची तंगूस (नायलॉनची दोरी). कतला-रोहूसाठी ६ ते ८ नंबरचे गळ, मरळेसाठी १/० चा जाड गळ. फ्लोट, शिशाच्या गोळ्या, लांब नाकाची पक्कड, हातजाळी.

सगळे गळ झाकणाच्या डबीत. हवेच्या नावेत मोकळा पडलेला एक गळ दिवस संपवतो.

७. आमिष

आदल्या रात्री करायचं. २०० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम शेंगदाण्याची ढेप (पेंड) बारीक कुटून, मूठभर भाजलेल्या चण्याचं पीठ, चिमूटभर भाजलेल्या मेथीची पूड. गरम पाण्याने पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. शेवटी बोराएवढा कापूस पिंजून त्यात मळून घ्या. कापसाच्या धाग्यांमुळे गोळा गळावर धरून राहतो, नाहीतर बारीक मासे दोन मिनिटांत तो कुरतडून नेतात. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, फ्रिजमध्ये नको, तिथे तो कडक होतो.

गांडुळं हवीत तर शेणखताच्या ढिगाखाली मिळतात. मरळेला प्लॅस्टिकचा बेडूक चालतो.

सुरुंग किंवा विष टाकून मासे मारणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून हा गुन्हा आहे.

८. काठावरून पाण्यात

हिवाळा सरत जातो तसं पाणी मागे हटतं आणि काळ्या मातीचा गाळ उघडा पडतो. वरून वाळून तडे गेलेला दिसतो, आत गुडघाभर लोणी. चप्पल त्यात राहते, कधी कधी पायही मुरगळतो. उतरण्यासाठी मुरमाड किंवा दगडाळ जागाच निवडा. घाटाच्या पायऱ्या सोयीच्या वाटतात, पण तिथे लोक आंघोळीला आणि पूजेला येतात. त्यांच्यापासून लांब उतरा, आणि गळ तर तिथे टाकूच नका.

मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हास बूट घाला. गमबूट नकोत, त्यात पाणी भरलं की ते पायाला धरून बसतात.

नाव पूर्ण तरंगू लागल्यावरच बसा. एक हात या कडेला, दुसरा त्या कडेला, पाय मधोमध, आणि लगेच बूड टेकवा. बऱ्याच नावा काठापासून दोन हातांवरच उलटतात, उभं राहून फोटो काढताना.

९. वल्हं आणि वारा

पुढच्याने ठेका द्यायचा, मागच्याने दिशा. दोघांची वल्ही विरुद्ध बाजूंना. मागचा उजवीकडे वल्हवत असेल तर नाव डावीकडे वळते. ते सावरायला प्रत्येक फटक्याच्या शेवटी पात्याची कड फिरवून पाणी नावेपासून बाहेर लोटा. हे अर्ध्या तासात हाताला बसतं. तोवर नागमोडी जाल, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून असतो आणि दहानंतर वाढतो. भंडाऱ्याच्या दिशेने जाण्याचा हा दुसरा फायदा: ताजेपणी वाऱ्याच्या विरुद्ध, थकल्यावर वाऱ्यासोबत. त्या दिवशी वारा दक्षिणेचा निघाला तर बेत बदला आणि उतरण्याच्या जागेजवळच थांबा. लाटांचे माथे पांढरे दिसू लागले की गळ गुंडाळायचा. त्यात एक वाजण्याची वाट बघू नका.

काठाला धरून जा, काठापासून ४०-५० मीटरवर. मधून पात्र ओलांडण्याचा मोह होतो, समोरचा किनारा नेहमीच जास्त मासळीचा वाटतो.

जलपर्णीचे तराफे वाऱ्याने सरकतात. सकाळी ज्या खाडीत शिरलात तिचं तोंड दुपारी बंद झालेलं असू शकतं. अरुंद खाडीत शिरण्याआधी वारा त्या तोंडाकडे ढकलतोय का, हे बघा.

प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे रांगेत तरंगत असतील तर खाली जाळं आहे. रांगेला वळसा घाला. वल्हं किंवा गळ त्यात अडकलाच तर तुमची तंगूस कापा, त्यांचं जाळं नाही. जाळ्याचा मालक जवळ असेल तर हात करा. डोंग्यातला माणूस आनंदाने सोडवून देतो, आणि मासा कुठे आहे तेही सांगतो.

१०. मासा

कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एवढं माहीत असलं की फ्लोट किती वर बांधायचा हा प्रश्न उरत नाही. आधी गोळा पाण्याच्या अर्ध्या खोलीवर ठेवा. वीस मिनिटांत काही हाललं नाही तर हातभर वर, मग हातभर खाली. जागा सारखी बदलत राहण्यापेक्षा खोली बदला. बुडालेल्या बुंध्यांच्या जवळ मासा असतो हे खरं, पण गळही तिथेच अडकतात. काठीच्या दोन लांबींइतकं अंतर ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत थंड पाण्यात मासा सुस्त असतो. सुरुवातीला काही लागलं नाही म्हणून निराश होऊ नका, दहा ते एक हीच चांगली वेळ. तुमच्या वेळापत्रकात ती बरोबर बसते.

नांगर टाकताना दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा, बाजूला कधीच नाही. बाजूला बांधलेली नाव एका लाटेत कलंडते. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी आणि सुरी हाताशी. दोरी खोलीच्या तिप्पट सोडा.

मरळ झुडपांच्या आणि पाणवनस्पतींच्या कडेला असते आणि हवा घ्यायला वर येते. पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा फिरताना दिसला तर खाली आई-बाप राखण करत असतात आणि बेडकावर झडप घालतातच. तिथे गळ टाकू नका. मोठी एक मरळ मिळते आणि मागची शेकडो पिल्लं जातात.

शिंगाडा माशाला पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे काटे असतात. हाताला लागले तर तासभर ठणका, नावेला लागले तर भोक. तो नावेत आपटू देऊ नका. हातजाळीतच ठेवा, बाहेरच पकडीने गळ काढा. कासव लागलं तर तंगूस तोंडाजवळ कापून सोडून द्या. वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे, फोटोसाठीही नावेत घेऊ नका. नदीत मगर असू शकते. नागपूर शहरातल्या नाग नदीतही ती दिसली होती. म्हणून हात-पाय पाण्यात सोडून बसू नका आणि मासे नावेबाहेर लोंबकळत ठेवू नका.

बोटात गळ काट्यापर्यंत घुसला तर ओढू नका. तंगूस कापा, वर पट्टी बांधा, काठावर या आणि दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनसह काढून घ्या.

११. नाव उलटली तर

पहिली गोष्ट, नाव सोडायची नाही. उलटी नावसुद्धा तरंगते आणि लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही. काठ्या आणि डबे जाऊ द्या. एकमेकांना हाक मारून मोजा, नावेच्या एकाच बाजूला या, कड धरून पाय मारत काठाकडे चला. शिट्टी तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. हे सगळं निघण्याआधी काठालगतच्या कमरभर पाण्यात एकदा मुद्दाम करून बघा. थंडी वाजेल, म्हणून कोरडे कपडे गाडीत जादा ठेवा.

एकटी नाव घेऊन जाऊ नका. दोन नावा, किंवा निदान काठावर गाडीशी एक माणूस, ज्याला तुमची परतीची वेळ माहीत आहे. साडेतीनपर्यंत तुम्ही दिसला नाहीत तर त्याने आधी जवळच्या डोंगेवाल्याला सांगायचं, मग ११२ ला फोन करायचा. हाच क्रम, कारण डोंगा दहा मिनिटांत निघतो. कुणी जखमी असेल तर १०८.

१२. बाहेर आल्यावर

लहान मासे तिथेच सोडलेले असावेत. खायचे तेवढेच ठेवा आणि काठावरच साफ करून बर्फाच्या डब्यात घाला. आतडी पाण्यात किंवा घाटाजवळ टाकू नका, खड्डा करून पुरा. सावजी रस्सा करायचा असेल तर रोहूचे तुकडे जाड ठेवा, मरळ त्या मसाल्यात जास्त टिकते.

तुटलेली तंगूस गोळा करून घरी आणा. बगळे आणि पाणकावळे तिच्यात अडकून मरतात.

नाव तिथेच फडक्याने पुसा आणि जलपर्णीचा एकही देठ तिला चिकटलेला राहू देऊ नका, नाहीतर पुढच्या तलावात तुम्हीच ती लावाल. घरी गच्चीवर सावलीत हवा भरून एक दिवस वाळवा. ओली घडी घातलेली पीव्हीसी महिनाभरात बुरशी धरते, आणि ते कळतं पुढच्या पहाटे साडेपाचला, डिक्की उघडल्यावर.